एकाच ओंडक्यावर सगळ्यांच्या करवती

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या एखाद्याने घरी फोनवर सांगितलं, की येत्या शनिवारी शेजाऱ्याबरोबर चेनसॉवाल्यांच्या मेळाव्याला जातोय, तर पलीकडून दोन प्रश्न हमखास येतात. लाकडं कापायला सुट्टी कशाला घालवायची? आणि नुसत्या हौसेसाठी चांगली झाडं पाडतात की काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी.

१. लाकूड येतं कुठून?

अमेरिकेचा ईशान्य भाग, ग्रेट लेक्सभोवतीची राज्यं, स्वीडन, नॉर्वे, जर्मनीतला डोंगराळ मुलूख या थंड प्रदेशांत आजही असंख्य घरं लाकडाच्या शेगडीवर ऊब धरतात. ओलं लाकूड नीट जळत नाही, धूर फार करतं आणि धुराड्यात काजळी धरतं. म्हणून पुढच्या हिवाळ्याचं सरपण आदल्या वर्षीच कापून, फोडून, रचून ठेवावं लागतं. अशा घरात चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, हे आपल्याकडच्या शेतातल्या पंपाइतकंच रोजच्या गरजेचं यंत्र असतं. ते चालवता, धार लावता, दुरुस्त करता यावं लागतं.

मेळाव्यात कापायला येणारे ओंडके बहुधा वादळात उन्मळलेल्या, वाळलेल्या किंवा विरळणीत काढलेल्या झाडांचे असतात. अमेरिकेत गेल्या वीसेक वर्षांत यात ॲश या झाडाची मोठी भर पडली. मूळच्या आशियातल्या, चमकदार हिरव्या रंगाच्या एका छोट्या भुंग्याचा, एमराल्ड ॲश बोररचा, तिथे २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या परिसरात पत्ता लागला. त्याची अळी सालीखालचा थर पोखरते, झाडातला रस वर-खाली जाणं बंद होतं आणि उभं झाड काही वर्षांत मरतं. अशी कोट्यवधी झाडं मेली आहेत. मेलेली ॲश लवकर ठिसूळ होते, तिच्या फांद्या न सांगता तुटतात, त्यामुळे रस्त्याकडेची आणि घराशेजारची झाडं पाडावीच लागतात. हा किडा सरपणातून प्रवास करतो, म्हणून तिथली वनखाती लाकूड लांब न नेता जिथलं तिथेच जाळा असं बजावतात. यजमानाच्या रानातलं लाकूड यजमानाच्याच शेगडीत जातं, आणि दिवसभर पाहुण्यांनी पाडलेल्या चकत्या फोडल्या की त्याच्या हिवाळ्याची बरीचशी सोय होते.

२. मेळाव्यात करतात काय?

एखाद्या शेतकऱ्याचं किंवा लाकूड व्यावसायिकाचं मोकळं रान. कडेला मालवाहू गाड्या, त्यांचे मागचे फळे उघडलेले, आणि त्यावर ओळीने मांडलेल्या करवती. जाणत्याला लांबूनच रंगावरून कंपनी कळते: केशरी-पांढरी ती श्टील, केशरी ती हुस्कवार्ना, लाल ती योन्सेरेड किंवा डोल्मार, पिवळी ती बहुतेक जुनी मॅकलक. एका टेबलावर कानशी आणि वापरलेल्या साखळ्यांचा ढीग, दुसऱ्यावर घरून आणलेलं जेवण. काम सुरू होण्याआधी यजमान नियम सांगतो. शिरस्त्राण, कानांवर संरक्षक, डोळ्यांसमोर जाळी, पायात जाड बूट, मांड्यांवर खास पँट. हे अंगावर नसेल त्याने करवतीला हात लावायचा नाही. सगळ्या करवती गाडीत परत गेल्याशिवाय बिअर उघडायची नाही.

मधोमध एक चौकोनी चिरलेला, लांबलचक ओंडका लाकडी घोड्यांवर घट्ट बांधलेला असतो. सगळा मेळावा या ओंडक्याभोवती फिरतो, आणि त्याचा चौकोनीपणा मुद्दाम ठेवलेला आहे. झाडाचं खोड बुंध्याशी जाड, शेंड्याकडे निमुळतं. एकाने जाड भागावर कापलं, दुसऱ्याने बारीक भागावर, तर कोणाची करवत वेगवान ते कसं ठरणार? चौकोनी चिरलेल्या तुळईत प्रत्येक काप सारख्याच रुंदीचा आणि सारख्याच उंचीचा पडतो. लाकूड एक, माणूस एक, हातात घड्याळ. मग फक्त साखळी बदलायची आणि पुन्हा कापायचं. किंवा साखळी तीच ठेवून करवत बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक मोजायचा, ही प्रयोगशाळेतली शिस्त या रानात, शाळेचं नावही न घेता, काटेकोर पाळली जाते.

आणि करवती एकमेकांच्या हातात दिल्या जातात. वर्षानुवर्षं जपलेलं, सुटे भाग शोधून शोधून उभं केलेलं यंत्र माणूस अनोळखी पाहुण्यासमोर धरतो आणि म्हणतो, चालवून बघ. मला या मेळाव्यांचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते याचं. पुस्तकात वाचून किंवा चित्रफीत बघून धारेचा फरक कळत नाही. तो तळहाताला आणि मनगटाला कळतो, आणि त्यासाठी चांगली धार लावलेली दुसऱ्याची करवत एकदा तरी हातात यावी लागते.

३. सगळं काही एका दातात

नवखा माणूस विचारतो, इंजिन केवढं? जुना माणूस विचारतो, साखळी कोणती आणि धार कोणी लावली? या प्रकरणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: चेनसॉचं इंजिन साखळी नुसती ओढतं, कापतो तो दात.

सुरुवातीच्या चेनसॉंच्या साखळीचे दाते हातकरवतीसारखेच टोकदार असत. ते लाकूड ओरबाडत, भुसा बारीक पडे, धार पटकन जाई. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूड कामगार या साखळ्यांना वैतागला होता. १९४६ मध्ये सरपण फोडताना त्याला एका बुंध्यात मोठ्या भुंग्याची अळी दिसली. ती लाकूड आडवं-उभं दोन्हीकडे सहज पोखरत चालली होती. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते आणि ते आळीपाळीने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे लाकूड कुरतडत होते. कॉक्सने पोर्टलंडमधल्या आपल्या तळघरात त्या जबड्याच्या आकाराचे पोलादी दाते घडवायला घेतले आणि १९४७ मध्ये साखळी विकायला काढली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक साखळ्यांचे दाते त्याच बांध्याचे आहेत.

आता तो दात जवळून बघू. साखळी हातात घेतली तर एक दात उजवीकडे वळलेला, पुढचा डावीकडे, असे आलटून पालटून दिसतात. प्रत्येक दात म्हणजे वाकवलेला छोटा पत्रा: एक बाजू उभी, ती कापाची भिंत कापते, एक बाजू आडवी, ती तळातलं लाकूड उचलते. दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा सर्वांत महत्त्वाचा, कारण लाकडाला आधी तोच भिडतो. दाताच्या पुढे, त्याच तुकड्यावर, एक छोटा उंचवटा असतो. तो काहीही कापत नाही, आणि तरी त्याच्याशिवाय काम होत नाही.

सुताराचा रंधा आठवा. रंध्याचं पातं तळातून किती बाहेर काढायचं हे सुतार ठोकून ठोकून ठरवतो. पातं जेवढं बाहेर, तेवढी जाड सालपट निघते. फार बाहेर काढलं तर रंधा लाकडात अडकतो, आत गेलं तर नुसताच घासत जातो. चेनसॉच्या दाताचं तसंच आहे. उंचवटा हा रंध्याचा तळ आणि दात हे पातं. दोघांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढाच जाड तुकडा दात उचलणार. नेहमीच्या साखळीत हा फरक साधारण ०.६५ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढीच जाडी.

इथे एक खोच आहे, आणि घरी धार लावणारे बहुसंख्य लोक इथेच अडतात. दाताची आडवी बाजू मागे उतरती असते. कानशीने धार लावली की कापणारी कड थोडी मागे सरकते, आणि उतारावर मागे सरकली म्हणजे थोडी खालीही येते. उंचवटा मात्र होता तिथेच राहतो. चार-पाच वेळा धार लावल्यावर दात आणि उंचवटा यांच्या उंचीत पुरेसा फरक राहत नाही. मग बोटाला धार लागते, दात चमकतो, पण लाकडात करवत शिरत नाही. माणूस वरून जोर लावतो, साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी तापते, धूर येतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. औषध साधं आहे: चपट्या कानशीचे एक-दोन हात प्रत्येक उंचवट्यावर, मापपट्टी ठेवून. पण अतिरेक केला तर साखळी लाकडाला हिसडे देते आणि उसळते, म्हणून मापपट्टी हवीच.

दाताच्या धारेसाठी गोल कानस लागते, आणि तिची जाडी साखळीच्या मापावर ठरते. मध्यम-मोठ्या करवतीच्या तीन अष्टमांश इंची साखळीला ५.५ मिलिमीटरची, तिच्याहून लहान ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची, कोन बहुतेक ३० अंशांचा. प्रत्येक दाताला सारखेच हात. हे सारखेपण का, याचा पुरावा मेळाव्यात जमिनीवरच पडलेला सापडतो. कापून पडलेली चकती उचला आणि तिची जाडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघा. एकीकडे तीन बोटं, दुसरीकडे दोन बोटं असेल, तर डावीकडचे आणि उजवीकडचे दाते सारखे नाहीत. ज्या बाजूचे दाते अधिक धारदार, त्या बाजूला करवत वळत गेलेली असते. उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूचे दाते सोईचे पडतात आणि दुसऱ्या बाजूला त्याचा हात हलका होतो, त्याची ही खूण. जाणती माणसं दुसऱ्याची चकती उचलून, करवतीकडे न बघता, धार कशी लावली आहे ते सांगतात.

दुसरी खूण भुशाची. धारदार साखळीतून लाकडाचे छोटे, जाडसर तुकडे उडतात. मऊ पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं आणि कानस काढायची.

४. साखळीच्या वेगाचा हिशोब

साखळी किती वेगाने धावते? हिशोब सोपा आहे, करून बघू. तीन अष्टमांश इंची साखळी ओढणाऱ्या चक्राला बहुधा सात दाते असतात. चक्राचा एक दात पुढे सरकला की साखळी पाऊण इंच सरकते. म्हणजे चक्राच्या एका फेऱ्यात सात वेळा पाऊण, सव्वापाच इंच, सुमारे १३.३ सेंटिमीटर. कापताना इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर साखळी मिनिटाला सुमारे १,३३० मीटर धावली. तासाला ८० किलोमीटर. सेकंदाला २२ मीटरांहून थोडं जास्त.

हाच हिशोब पुढे नेऊ. वीस इंची पट्टीवरच्या अशा साखळीत बहुतेकदा ३६ दाते असतात आणि तिची लांबी १३७ सेंटिमीटर भरते. सेकंदाला २२ मीटर म्हणजे साखळीच्या सोळा प्रदक्षिणा. सोळा गुणिले छत्तीस: एकाच जागेवरून सेकंदाला पावणेसहाशेच्या आसपास दाते जातात. पावणेसहाशे दातांतला प्रत्येक दात अर्धा-पाऊण मिलिमीटर उचलू पाहतो, म्हणून धार असेल तर हातभर जाडीचं लाकूड काही सेकंदांत पार होतं, आणि धार नसेल तर तेवढ्याच वेळा नुसतं घर्षण होऊन पट्टी निळी पडते.

५. कानाने लावायचं इंजिन

चेतक, लूना किंवा राजदूत चालवलेल्या पिढीला हे इंजिन समजावून सांगायला नको. पंपावर पेट्रोलबरोबर टूटी ऑइल घालून घ्यायचं, सकाळी किक मारताना निळा धूर, चढावर फट्फट् थांबून एकसुरी आवाज. चेनसॉचं इंजिन तेच, टू-स्ट्रोक. त्याला वेगळी ऑइलची टाकी नसते, वंगण पेट्रोलातूनच मिळतं, त्यामुळे ते आडवं, उलटं, कसंही धरलं तरी चालतं. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होत असल्याने वजनाच्या मानाने ताकद भरपूर. मिश्रण बहुधा पन्नासास एक, म्हणजे पाच लिटर पेट्रोलात १०० मिलिलिटर ऑइल.

हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण कार्ब्युरेटरवरच्या छोट्या स्क्रूने ठरतं, आणि मेळाव्यात ते कानाने लावलेलं ऐकायला मिळतं. माणूस करवत हवेत धरून पूर्ण गती देतो. पेट्रोल किंचित जास्त असेल तर काही फेऱ्यांत स्फोट चुकतो आणि आवाज गुरगुरल्यासारखा, फाटल्यासारखा येतो. मग तो करवत लाकडाला लावतो. भार आला की गुरगुर थांबून स्वच्छ, सलग सूर लागतो. करवत उचलली की गुरगुर परत. हा बदल नेमका ऐकू आला की स्क्रू बरोबर बसला.

हवेत धरल्यावरच आवाज किंचाळीसारखा स्वच्छ आणि उंच येत असेल तर नवख्याला आनंद होतो, आणि जाणता धावत येऊन इंजिन बंद करतो. पेट्रोल कमी म्हणजे पेट्रोलातून येणारं ऑइलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घासतो. सायलेन्सर काढून धूर बाहेर जाणाऱ्या खिडकीतून टॉर्च मारला की आतला पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत, मंद चकाकणारा असेल तर ठीक. त्यावर उभे ओरखडे असतील तर ते यंत्र बहुधा वंगण कमी पडून जळलेलं आहे, मग विकणारा काहीही सांगो. जुनी करवत घेताना हे एवढं बघायला शिकलात तरी पैसे वाचतील.

नव्या यंत्रांत हा स्क्रू बऱ्याचदा नसतोच, छोटा संगणक प्रमाण सांभाळतो. मेळाव्यातल्या जुन्या मंडळींना यात हळहळ वाटते, आणि मला ती पटते. पण डोंगरावर सकाळी गोठलेल्या हवेत आणि दुपारी उन्हात दिवसभर काम करणाऱ्याला त्या संगणकाचा खरा उपयोग आहे, हेही तेच लोक मान्य करतात.

६. शर्यती

हौशी मेळाव्यात घड्याळ गमतीचा भाग असतं. स्पर्धांमध्ये तेच सर्वस्व होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हेवर्ड गावी १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या टिंबरस्पोर्ट्स मालिकेत हॉट सॉ नावाचा एक प्रकार आहे: एकच सिलिंडर असलेलं, हवं तसं बदललेलं अवाढव्य इंजिन, वजन पंचवीस किलोच्या आसपास, आणि ओंडक्याच्या आखलेल्या १५ सेंटिमीटरांत तीन अखंड चकत्या, वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. निष्णात स्पर्धकाला यासाठी सहा-सात सेकंद पुरतात. प्रेक्षकांना हे फार आवडतं.

माझ्या लेखी त्याहून अवघड कसोटी जागतिक लॉगिंग स्पर्धेत असते. ही स्पर्धा १९७० पासून भरते आणि तिथे व्यावसायिक जंगल कामगार उतरतात. तिच्या एका प्रकारात ओंडके फळीवर ठेवलेले असतात आणि फळी भुशाने झाकलेली असते. ओंडका पूर्ण कापायचा, पण खालच्या न दिसणाऱ्या फळीला दात लागू द्यायचा नाही. साखळीचा वेग आपण वर मोजलाच आहे. त्या वेगाला शेवटच्या मिलिमीटरवर थांबवणं ही ताकदीची गोष्ट राहत नाही. भुशाचा रंग बदलतो का, आवाज किंचित पोकळ होतो का, यावर सगळं लक्ष एकवटलेलं असतं.

७. जुन्या यंत्रांचं टेबल

लाकडाच्या आधी साखळीची करवत हाडांवर चालली. जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने याने १८३० च्या सुमारास शस्त्रक्रियेसाठी हाताने फिरवायचं यंत्र बनवलं, त्यात दातेरी साखळी एका पात्याभोवती फिरत असे. झाडांसाठीची कहाणी विसाव्या शतकातली. श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत केली. वजन ६४ किलो, धरायला दोन माणसं. १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी आली, ४६ किलोंची. साधारण त्याच सुमारास एमिल लेर्प याने थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर आपलं यंत्र चालवून दाखवलं आणि कंपनीला त्या डोंगराचंच नाव दिलं.

मेळाव्यात कोणी दोन माणसांची जुनी करवत आणली असेल तर तिच्याशी थोडा वेळ थांबा. तिची पट्टी इंजिनापासून वळवता येते. कारण त्या काळच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा गोळा असायचा, आपल्या संडासच्या टाकीत असतो त्या तत्त्वावरचा, आणि इंजिन आडवं केलं की पेट्रोल बंद. झाड पाडताना पट्टी आडवी हवी, ओंडका कापताना उभी, म्हणून इंजिन सरळ ठेवून पट्टीच फिरवायची. पुढे गोळ्याऐवजी लवचीक पडदा असलेले कार्ब्युरेटर आले आणि करवत कोणत्याही कोनात धरता येऊ लागली. तिथून एकट्या माणसाचं युग सुरू झालं. १९५९ मध्ये श्टीलची कॉन्ट्रा आली, १२ किलो वजन आणि ६ अश्वशक्ती, तेव्हा जंगलातल्या दोन माणसी करवतींचे दिवस भरले.

या जुन्या यंत्रांत एक उणीव आहे. त्यांच्या मुठींना रबर नाही, स्प्रिंग नाही, साखळी थांबवणारा ब्रेक नाही. त्या काळच्या कामगारांनी याची किंमत बोटांनी मोजली. वर्षानुवर्षं कंप सोसून रक्तवाहिन्या आणि नसा बिघडत, थंडीत बोटं पांढरी पडत, त्यांना काही जाणवेनासं होई. साठच्या दशकापासून कंप शोषणाऱ्या मुठी आल्या, सत्तरच्या दशकात ब्रेक आले. जुनी करवत मेळाव्यात एक-दोन काप देऊन टेबलावर परत जाते, दिवसभर चालवली जात नाही, ते यामुळे.

८. उसळी

पट्टीच्या नाकाचा वरचा चतकोर भाग हा चेनसॉचा सर्वांत धोकादायक भाग. तिथे साखळी वळण घेत खाली उतरत असते. त्या जागी लाकूड लागलं तर दात ते कापून पार होऊ शकत नाहीत, अडकतात, आणि साखळीचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे. हे माणसाला कळायच्या आत होतं. सावध राहीन, आवरेन, हा हिशोब इथे चालत नाही.

म्हणून बचाव आधीच रचलेला असतो. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवलेला. त्या हातापुढचा आडवा दांडा म्हणजे ब्रेकचा कठडा. करवत उसळली की झटक्याने किंवा मनगट लागून तो पुढे पडतो आणि साखळी क्षणात थांबते. चालवणारा पट्टीच्या सरळ रेषेत उभा राहत नाही, थोडा डावीकडे राहतो. करवत खांद्याच्या वर नेत नाही.

मांडीवरच्या पँटचं काम वेगळं आहे. तिचं कापड कापलं जातंच. आत लांब, चिवट धाग्यांचे थर सैल विणलेले असतात. दात लागला की ते उपसून निघतात, साखळीबरोबर चक्रात जातात आणि चक्र जाम करतात. या पँटच्या दर्जाचे वर्ग साखळीच्या वेगावर ठरतात: वर्ग १ सेकंदाला २० मीटर, वर्ग २ ला २४, वर्ग ३ ला २८. वरच्या हिशोबात आपली साखळी २२ मीटरांनी धावत होती. म्हणजे वर्ग १ ची पँट घातली तरी पूर्ण वेगातल्या साखळीपासून पाय वाचेलच असं नाही. एकदा कापलेली पँट शिवून वापरत नाहीत, टाकून देतात. मेळाव्यात अशी एखादी फाटकी पँट मुद्दाम टांगलेली दिसली, तर तिच्यासमोर नवख्यांना उभं करून सगळं समजावलेलं असतं.

९. कोकणातल्या बागेत

हे सगळं आपल्याला कुठे लागतं? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीकडच्या वाड्यांमधले नारळ, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीला पुन्हा झोडपलं. रस्ते मोकळे करायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, तुकड्या होत्या. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला त्यांची पाचवी बटालियन आहे, आणि चेनसॉ चालवणं त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. पण घराघरांमागच्या बागा गावकऱ्यांनी स्वतः, मिळेल ती करवत मिळवून साफ केल्या. भाड्याने किंवा उसनी आणलेली करवत, धार लावायला कोणी नाही, अंगावर बनियन आणि पायात स्लीपर, हे चित्र कोकणात अनेकांनी पाहिलं आहे.

नारळाचं खोड तर आणखी परीक्षा बघतं. त्याला आपल्या नेहमीच्या झाडांसारखा गाभा आणि वर्तुळं नाहीत. बाहेरचा भाग अतिशय घट्ट, आतला मऊ, आणि सगळीकडे उभे चिवट धागे. ते धार भराभर खातात आणि चक्राच्या झाकणाखाली जमून साखळी अडवतात. नारळ कापताना दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून झाकण साफ करणं आणि कानस खिशात ठेवणं, याला पर्याय नाही.

पडलेल्या झाडात ताण अडकलेला असतो, ही गोष्ट मेळाव्यात सर्वांत आधी शिकवतात आणि आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबली जात असते आणि खालची ताणली जात असते. वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि पट्टी चिमट्यात अडकते. म्हणून आधी वरून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापायचं, मग खालून वर येऊन तो काप मिळवायचा. ओंडका एकाच टोकाला टेकलेला आणि दुसरं टोक हवेत असेल, तर क्रम उलटा: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. उतारावर कापणारा वरच्या बाजूला उभा राहतो, कारण सुटलेला ओंडका खाली गडगडतो.

मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड तोडताना एक जास्तीची काळजी घ्यायची. खोडाचं वजन सुटलं की उभा राहिलेला मुळांचा मातीसकट गड्डा अचानक मागे फिरतो आणि आपल्या खड्ड्यात परत बसतो. वादळानंतर त्या खड्ड्यात मुलं उतरून बघत असतात. शेवटचा काप देण्याआधी इंजिन बंद करून, गड्ड्याच्या मागे जाऊन, खड्डा स्वतः डोळ्यांनी बघायचा आणि एका मोठ्या माणसाला तिथे लांब उभं करून कोणालाही जवळ येऊ द्यायचं नाही.